मुलांना घेऊन जंगलात तंबूत राहायचंय, वनखात्याच्या पायी फेरीला जायचंय. कुठे जावं, कधी जावं?

वैशाली_वाशीम
नमस्कार मंडळी. मोठी सातवीत आणि धाकटा चौथीत. दोघांनाही यंदा हॉटेल नकोय, जंगलात तंबूतच राहायचंय. घरात दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं, ताडोब्याला जाऊ, जिप्सीने फिरू, वाघ दिसला की परत येऊ. मला मेळघाट हवाय. सेमाडोह, कोलकासकडे मुक्काम करावा, सकाळी वनखात्याच्या माणसासोबत पायी फिरावं, संध्याकाळी निसर्ग परिचय केंद्रात बसून माहिती ऐकावी. माझं मत मी आधीच सांगते: जंगलात रोज राबणाऱ्या माणसाच्या तोंडून जंगल ऐकलं नाही तर मुलांना फक्त पिवळा-काळा पट्टा दिसतो, जंगल दिसत नाही.
ज्यांनी असे कार्यक्रम केलेत त्यांनी सांगा. मुलं कंटाळतात का? रात्री तंबूत भीती वाटते का? आणि मेळघाटात वाघ दिसलाच नाही तर ह्यांना काय सांगू?

सागर_नागपूर
ताई, मी दादांच्या बाजूने. उन्हाळ्यात ताडोब्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता चांगली असते, आणि लेकरांनी एकदा वाघ जवळून पाहिला की ते आयुष्यभर विसरत नाहीत. मेळघाट म्हणजे डोंगर, दऱ्या, सागाचं घनदाट रान. वाघ आहेत, पण ते दिसत नाहीत. पायी फिरून पानं-फुलं पाहायला घरामागची टेकडी आहे की.

परतवाडा_मास्तर
सागर, तुमच्या मताचा आदर आहे, पण टेकडीवरून आणि सेमाडोहच्या पायवाटेवरून मूल सारखं घेऊन परत येत नाही. मी शाळेची मुलं घेऊन निसर्ग शिबिरांना जात आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
मेळघाट हा 1973-74 साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथली वनखात्याची माणसं बरीचशी कोरकू. सकाळच्या फेरीत पुढे चालणारा वनमजूर फार बोलत नाही. तो थांबतो, काठी टेकवतो, आणि मुलं आपोआप खाली बसतात. एकदा धुळीत बिबट्याचा ठसा होता. चार बोटं, मागे गादीच्या तीन पाकळ्या, नखांचा पत्ता नाही. त्याने मुलांना विचारलं, हा रात्रीचा का सकाळचा? मुलं ठोकून देत होती. मग त्याने ठशावरून आडवी गेलेली किड्याची बारीक रेघ दाखवली. किडा रात्री फिरतो. रेघ ठशाच्या वर असेल तर जनावर किड्याच्या आधी गेलं, ठशाने रेघ मोडली असेल तर नंतर. एवढ्याशा धुळीत रात्रीचा क्रम लिहिलेला असतो. त्या दिवसानंतर ती मुलं शाळेच्या मैदानातसुद्धा खाली वाकून चालायला लागली.
दुसरी गोष्ट वास. वाघ हद्द सांगायला झाडाच्या बुंध्यावर मागे फवारा मारतो. त्याला शिजत्या सुवासिक तांदळासारखा वास येतो, आणि त्याला कारण आहे. बासमतीत जे सुगंधी रसायन असतं तेच वाघाच्या त्या फवाऱ्यातही सापडलंय. मुलांना नाक लावून हुंगू द्या. वाघ न दिसता वाघ भेटतो तो असा.
कंटाळ्याचं म्हणाल तर पहिला अर्धा तास चुळबुळ करतात. त्यांना तेवढा वेळ द्यावा.

प्राची_पुणे
मास्तर, ठशाचं वाचून अंगावर काटा आला. पण माझा प्रश्न साधा आहे. तंबूला संडास-बाथरूम असतं का? आणि साप?

मोहर्लीकडची_ताई
मी गाईडचं काम करते, ताडोब्याच्या बाजूला. आधी नियमाचं सांगते, कारण इथे गल्लत होते. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, पर्यटकाला गाडीतून खाली उतरता येत नाही. पायी फेरी असते ती बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, ठरवून दिलेल्या वाटेवर आणि सोबत खात्याचा माणूस किंवा गाईड असतानाच. आमच्याकडे आगरझरीला फुलपाखरांची बाग आहे, इरईच्या पाण्यावर बोटिंग आहे. छोट्या मुलांना ते फार आवडतं. कोअर मंगळवारी बंद असतो, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर पावसाळ्यात बंद. कोअरमध्ये मोबाईल चालत नाही. कॅमेरा चालतो.
आता मनातलं. गाडीत बसल्या बसल्या "वाघ कुठे आहे?" एवढंच विचारणारी माणसं असली की आम्हीही तेवढंच शोधतो. पण एखादं मूल विचारतं, ताई, हे दगडी खांब कशाला? मग मला सांगावंसं वाटतं की मोहर्ली-ताडोबा रस्त्याच्या कडेला हे खांब गोंड राजांच्या काळापासून उभे आहेत, त्यातून दोर ओवून घंटा वाजवत राजाच्या येण्याची वर्दी पुढे पोचवायचे असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. तो गोंडांचा मुखिया, वाघाशी लढताना गेला, त्याच्यावरून ताडोबा हे नाव. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते. हे ऐकल्यावर मुलं तलावातली मगर सोडून ठाण्याकडे बघायला लागतात.
वैशालीताई, मुलांना एक सांगून ठेवा: गाईडला प्रश्न विचारायला लाजू नका. त्या दिवशी आमचंही जंगल नवं होतं.

डॉक्टर_ग्रामीण
प्राचीताईंच्या सापाच्या प्रश्नावर, कारण तंबूत राहणाऱ्याने हे माहीत करूनच जावं.
जंगलात नाग, घोणस, फुरसं सगळे आहेत, पण झोपलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात लक्षात ठेवायचा तो मण्यार. तो रात्रीचा फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात येतो. चावल्यावर बऱ्याचदा दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे माणूस झोपून जातो. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, मग श्वास अडकतो. म्हणून जमिनीवर झोपू नका. खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, तंबूची चेन कायम बंद ठेवा, बूट झटकून घाला, रात्री लघवीला उठताना बॅटरी घ्या. पहाटे कुणी पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत म्हणालं तर ॲसिडिटी समजू नका. बाहेरचं बघणाऱ्याकडे नेण्यात वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखाना. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. मुक्कामाच्या ठिकाणाहून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, हे पोचल्यावर पहिल्यांदा विचारून ठेवा.
संडासाचं: वनखात्याच्या बहुतेक निवासांवर जवळच असतं, काही तंबूंना जोडलेलं. बुकिंग करताना विचारा.

प्राची_पुणे
खाट. लिहून घेतलं. जेवायला काय मिळतं?

झाडीपट्टी_गोंदिया
हा खरा प्रश्न विचारला! आमच्या नागझिऱ्याकडे आणि इतरही बऱ्याच ठिकाणी गावच्या बायकांचे बचत गट मेस चालवतात. वरण, भात, वांग्याची भाजी, भाकरी, तिखट झणझणीत. पुण्याच्या मंडळींनी आधीच "तिखट कमी" सांगावं, नाहीतर रात्रभर तंबूत वाघापेक्षा जोरात श्वास ऐकू येतो.
एप्रिलच्या सुरुवातीला आलात तर मोहाचा वास सगळ्या रानात भरून असतो. पण पहाटे मोहाच्या झाडाखाली मोह वेचणाऱ्या बाया असतात आणि अस्वलालाही मोह आवडतो. दोघांची वेळ एकच. म्हणून पहाटे एकट्याने तंबूतून निघून "जरा फिरून येतो" असं करू नका. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही, अचानक समोर आलं की ते घाबरून अंगावर येतं. आमच्या भागात वाघापेक्षा लोक अस्वलाला जपून असतात.
खायचं काही तंबूत ठेवू नका. वानरं चेन उघडतात.

पांढरकवड्याचा_शेतकरी
सगळ्याइचं वाचलं. चांगलं लिवता तुमी. पण एक गोष्ट मले बोलल्याशिवाय राहवत नाई.
टिपेश्वरचं अभयारण्य आमच्या वावरापासून दूर नाई. तुमी मचाणीवर बसाचे पैसे भरता, आमी फुकट बसतो. तूर फुलावर आली की रोज रातच्याले जागल. मचाणीवर डबा वाजवत बसाचं, डुकराचा कळप येते, रोही म्हंजे नीलगाय येते, एका रातीत एका कोपऱ्याचा हरभरा साफ. कुंपणाले करंटचं झटका मशीन लावलं तं लावलं, नाईतं हातची पेरणी गेली. 2018 मंदी आमच्याकडे वाघिणीच्या भीतीनं बाया कापूस वेचाले वावरात जात नव्हत्या. नोव्हेंबरात तिले गोळी घातली तवा कुठं रस्त्यानं माणसं दिसाले लागली. तुमच्या पोट्ट्याइले वनरक्षकानं ठसे दाखवले ते बरं झालं. पण त्याइले हेबी सांगा, का ठशाच्या पल्याड एका माणसाचं वावर आहे.

सागर_नागपूर
दादा, मनापासून सांगतो, हे कुठल्याच कार्यक्रमात ऐकायला मिळत नाही.

परतवाडा_मास्तर
मिळायला हवं. शिबिरात बफरमधल्या एका शेतकऱ्याला संध्याकाळी बोलवावं, त्याला मानधन द्यावं, असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे. वनरक्षक जनावराची बाजू सांगतो, शेतकऱ्याने जमिनीची सांगावी. मुलं दोन्ही ऐकू शकतात, त्यांना तेवढी समज असते.

मोहर्लीकडची_ताई
शेतकरी दादा, मी पण बफरमधल्याच गावची. आमच्याकडे जन-वन विकास योजनेतून गॅस आला, काही शेतांना सौर कुंपण मिळालं, तरी पाच वाजल्यावर आई वावरातून परत येईपर्यंत जीव टांगणीला असतो. तुमचं एक अक्षर खोटं नाही.
आणि एक गोष्ट खात्याच्या माणसांबद्दलही सांगते. नोव्हेंबर 2021 मध्ये आमच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेची पाहणी पायी करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. तिच्या हातात काठी होती, बंदूक नव्हती. ठसे, विष्ठा, ओरखडे यांची पायी नोंद झाल्याशिवाय देशाची व्याघ्रगणना पुरी होत नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमात जो खाकीतला माणूस पडद्यासमोर उभा राहून बोलतो, तो सकाळी अशी वाट चालून आलेला असतो. मुलांनी त्याचं नाव विचारावं एवढंच मला वाटतं.

पिंगळा
थोडा पक्ष्यांकडे वळतो, रागावू नका.
मेळघाटात जाणार असाल तर रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, विसरू नका. 1884 नंतर या पक्ष्याची कुणाला नोंद मिळाली नव्हती, संपला असंच धरलं होतं. 1997 मध्ये तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आज मेळघाट हे त्याचं मोठं आश्रयस्थान आहे. विशेष म्हणजे हा दिवसाचा पिंगळा. सागाच्या निष्पर्ण फांदीवर भर उजेडात बसून शेपटी झटकत असतो. खात्याचे लोक त्याच्या बसायच्या जागा ओळखतात. आवाजाची नक्कल वाजवून त्याला बोलवायला लावू नका, विणीच्या काळात त्याचा फार त्रास होतो.
आता मचाणीबद्दल, कारण धाग्यात तिचा फक्त उल्लेख आलाय. बुद्ध पौर्णिमेला वनखातं "निसर्गानुभव" ठेवतं. हीच रात्र का? वैशाखात बाकीचे झरे आटलेले असतात, जनावराला उरलेल्या पाणवठ्यावर यावंच लागतं, आणि पौर्णिमेमुळे बॅटरीशिवाय दिसतं. दुपारी मचाणीवर चढायचं, सकाळी उतरायचं, सोबत खात्याचा माणूस. हातात तक्ता असतो: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी. पूर्वी याला प्राणीगणना म्हणत. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर मोजलं जातं, म्हणून शास्त्रीय गणना म्हणून ती धरत नाहीत, वाघ तर आता कॅमेऱ्यात पट्ट्यांवरूनच मोजतात. पण लोकांसाठी तो अनुभव मोठा आहे. पहिले दोन तास फक्त टिटवी आणि मच्छर. मग अंधार पडला की रातव्याचं "चक चक चक" सुरू होतं. नंतर वानर खाकरतं, चितळाची बारीक शीळ येते, आणि सांबराने एकदा "ढाँक" केलं की मचाणीवरच्या माणसाचा हात आपोआप तुमच्या खांद्यावर येतो. वानर, चितळ, सांबराच्या या हाका म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा. चितळ चुकू शकतं, सांबर सहसा चुकत नाही.
पण चौथीतलं पोरगं रात्रभर गप्प बसेल का? अवघड आहे. वयाची अट आणि नोंदणीचं त्या त्या वर्षी त्या प्रकल्पाकडे आधी विचारा. मुलांसाठी मला मचाणीपेक्षा सकाळची फेरी जास्त योग्य वाटते.

सागर_नागपूर
पिंगळा, सांबराचं अगदी खरं. मी वाघाच्या फोटोसाठी जातो आणि जाणारच, पण मला वाघापर्यंत नेणारं सांबरच असतं.
फोटोवाल्यांच्या वतीने एक बोलतो. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं होतं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते बघून माझं रक्त उसळलं. वाघ पाहायचा हट्ट मला मान्य आहे, वाघाची वाट अडवायचा नाही. ज्याला पुढे सरकायची घाई आहे त्याने गाडीत बसूच नये. वैशालीताई, ताडोबा ठरला तर निघण्याआधी दादांना आणि मुलांना हे समजावून सांगा, आणि ड्रायव्हरला स्वतः म्हणा, "आम्हाला मागे राहिलं तरी चालेल." ड्रायव्हरवरचा निम्मा दबाव प्रवाशांचाच असतो.

प्राची_पुणे
मी गेल्या वर्षी एका जंगलाजवळच्या रिसॉर्टमध्ये राहिले होते, नाव नको. रात्री अकरापर्यंत लॉनवर डीजे. जंगल शंभर पावलांवर आणि ऐकू येतंय काय, तर लग्नाची गाणी. यावेळी खात्याचा तंबूच.

झाडीपट्टी_गोंदिया
वैशालीताई, अंधार हवा असेल तर पेंचचा पण विचार करा. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशात पहिला. सिल्लारीकडे आकाशदर्शनाची सोय आहे. आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खालीच पडेल असे केलेत. काजवे, रातकिडे, रातवे या सगळ्यांना अंधार लागतो, आणि मुलांना आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. नागपूरहून जवळ. जाताना महामार्ग 44 वर गाडी पुलावरून जाते तेव्हा मुलांना सांगा की खालून जनावरं जातात. पेंचजवळ प्राण्यांसाठी असे नऊ मार्ग ठेवलेत, आणि वाघ ते वापरतात हे तिथल्या कॅमेऱ्यांत दिसलंय.

पिंगळा
आणि जोडून: टिपेश्वरचा एक वाघ 2019 मध्ये चालत निघाला तो दोन राज्यं फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या कॉलरमुळे कळलं, पोचेपर्यंत तेराशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुढची भटकंती धरून तीन हजारांच्या वर. शेतं, नाले, रस्ते ओलांडत. शेतकरी दादांच्या वावरातून तो गेलाही असेल.

पांढरकवड्याचा_शेतकरी
गेला असन तं पिकाले हात न लावता गेला. वाघाची आमाले तक्रार नाई, डुकराची आहे.

वैशाली_वाशीम
सगळ्यांचे खूप आभार. सगळं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेतकरी दादांच्या पोस्टवर हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मेळघाट. मुलीने वही काढून ठेवलीय, "ठसे, वास, आवाज" असे तीन रकाने आखलेत. धाकटा अजूनही "अस्वल" एवढंच म्हणतोय.
आता एकच अडचण. मे की डिसेंबर?

परतवाडा_मास्तर
मुलं असतील तर डिसेंबर. मे महिन्यात खालच्या भागात दुपारी तंबूत बसवत नाही, पारा पंचेचाळीसला टेकतो. डिसेंबरात सिपना नदीला पाणी असतं, स्थलांतरित पक्षी असतात, सकाळी धुळीवर दव बसल्याने ठसे उठून दिसतात. मात्र रात्री थंडी कडक, मुलांना कानटोप्या आणि प्रत्येकी दोन पांघरुणं. नाताळच्या आठवड्यात गर्दी होते, ती टाळा. परतवाड्याहून घाट चढण्याआधी डिझेल-पेट्रोल भरून घ्या, वर सगळीकडे नेटवर्क मिळेलच असं नाही, तेव्हा बुकिंगची पावती छापून ठेवा. आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाची वेळ पोचल्या पोचल्या विचारा. लोक नसले तर तो होत नाही, आणि तुम्ही चौघं मागितलात तर बऱ्याचदा होतो.

डॉक्टर_ग्रामीण
डिसेंबर असला तरी खाट विसरू नका. थंडीत साप कमी दिसतात, नसतात असं नाही.

मोहर्लीकडची_ताई
परत आल्यावर मुलीच्या वहीतलं इथे टाका. आमच्या गेटवरच्या नव्या पोरींना वाचून दाखवीन.